मोटारसायकलचे पुढील चाक : घरी काढणे व पुन्हा बसविणे

कर्नाटक राज्याच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोव्याच्या सीमेला लागून असलेला जोयडा तालुका हा दाट अरण्याचा व विरळ वस्तीचा प्रदेश आहे. काळी नदी याच तालुक्यात डिग्गी परिसरात उगम पावते. पूर्वी हा तालुका सुपे या नावाने ओळखला जाई. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८० च्या दशकात उभे राहिले आणि जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले व अनेक विस्थापित कुटुंबे रामनगर येथे वसविण्यात आली. तालुक्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात मोडतो. हा प्रकल्प २००७ साली दांडेली-अणशी या नावाने घोषित झाला व २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव देण्यात आले.

अशा प्रदेशात गावापासून गावापर्यंतचे अंतर मैलांच्या दगडांवरून मोजता येत नाही. मध्ये जंगल, जलाशय आणि घाट असतात. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात. त्यामुळे शेतकरी, शिक्षक, टपाल वाटणारे कर्मचारी, वनरक्षक व आरोग्यसेविका या सर्वांचा आधार म्हणजे मोटारसायकल. एका वाडीत दोन-तीनच गाड्या असल्या तरी बाळंतिणीला रस्त्यापर्यंत आणणे, रेशनचे धान्य नेणे व शाळा वेळेवर उघडणे ही कामे त्यांवरच अवलंबून असतात. अशा वेळी पुढील चाकाची ट्यूब फुटली तर संपूर्ण गाडी ढकलीत न्यावी लागते किंवा टेंपो भाड्याने आणावा लागतो. पंक्चर काढण्याचे दुकान रामनगर, जोयडा, गणेशगुडी किंवा दांडेली अशा ठिकाणीच मिळते.

वास्तविक पंक्चरसाठी संपूर्ण गाडी नेण्याची आवश्यकता नसते. चाक तेवढे सोडवून बसने अथवा शेजाऱ्याच्या गाडीवरून नेता येते. पुढील चाक काढणे हे काम दोन पाने, एक पक्कड आणि थोडी सावधगिरी एवढ्या भांडवलावर घरी होऊ शकते. तथापि चाक काढणे जितके सोपे, तितके ते बसविणे जबाबदारीचे असते. काढताना झालेली चूक वेळ घेते. बसविताना झालेली चूक प्राण घेऊ शकते. यास्तव प्रस्तुत पाठात काढण्यापेक्षा बसविण्याच्या कृतीवर अधिक भर दिला आहे.

पुढील चाकाची रचना

बैलगाडी ज्याने जवळून पाहिली आहे त्यास मोटारसायकलचे चाक समजणे अवघड नाही. उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या यात्रेस आजही दूरदूरच्या गावांहून बैलगाड्या येतात. घाटाच्या वाटेला लागण्यापूर्वी गाडीवान आसाला वंगण आहे की नाही हे पाहतो, चाक हलवून पाहतो व मगच बैल जुंपतो. बैलगाडीच्या चाकाला मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरून लोखंडी धाव असते. मोटारसायकलच्या चाकात तुंब्याच्या जागी हब, लाकडी आऱ्यांच्या जागी तारेचे स्पोक किंवा ओतीव धातूचे आरे, आणि धावेच्या जागी रिम, ट्यूब व टायर असतात. गाडीचा आस म्हणजेच येथील ॲक्सल.

हबच्या दोन्ही बाजूंस एकेक बेअरिंग असते. त्यामधून ॲक्सल आरपार जातो व पुढील फोर्कच्या दोन पायांना चाक धरून ठेवतो. बोलभाषेत या पायांना शॉकअप असे म्हणतात. ॲक्सलच्या एका टोकास डोके व दुसऱ्या टोकास नट असतो. हब आणि फोर्क यांमधील मोकळी जागा भरून काढण्यासाठी एका बाजूस धातूचे छोटे नळकांडे असते, त्यास कॉलर किंवा बुश म्हणतात.

शंभर-सव्वाशे घनसेंटिमीटर क्षमतेच्या बहुसंख्य गाड्यांत पुढे ड्रम ब्रेक असतो. हबच्या पोकळ भागास ड्रम म्हणतात. त्याच्या तोंडावर ॲल्युमिनियमचे गोल झाकण बसते, त्यास ब्रेक प्लेट म्हणतात. या प्लेटवर अर्धचंद्राकृती दोन ब्रेक शू बसविलेले असतात. हॅंडलवरील दांडी ओढली असता केबल ताणली जाते, प्लेटवरील आर्म फिरतो, शू फाकतात व ड्रमच्या आतील पृष्ठभागास घासतात. या घर्षणाने चाक थांबते. अनेक गाड्यांत वेगदर्शक म्हणजे स्पीडोमीटरची केबलही याच प्लेटमधून निघते.

ज्येष्ठ वाचकांना म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्याच्या जावा व येझदी, तसेच राजदूत या गाड्या आठवत असतील. १९८५ साली हिरो होंडा कंपनीची सी.डी. १०० ही चतुर्घाती इंजिनाची गाडी आली आणि खेडोपाडी शंभर घनसेंटिमीटरच्या गाड्यांचा प्रसार झाला. या सर्व गाड्यांची बाह्य घडण निराळी असली तरी ड्रम ब्रेक असलेल्या पुढील चाकाचे मूळ तत्त्व एकच आहे. तपशिलातील फरक प्रत्येक गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत पाहावा. पुस्तिका व हा पाठ यांत जेथे फरक आढळेल तेथे पुस्तिका प्रमाण मानावी.

पूर्वतयारी

काम दिवसाउजेडी, घराच्या अंगणात किंवा कठीण व सपाट जागेवर करावे. शेणाने सारवलेली मऊ जमीन असल्यास स्टँडखाली जाड फळी ठेवावी. जंगलातील रस्त्यावर, विशेषतः सायंकाळनंतर, थांबून चाक सोडविण्याचा प्रयत्न करू नये. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वाघ व बिबट्या यांच्याबरोबर हत्ती आणि गवा यांचाही वावर असतो. अशा ठिकाणी गाडी बाजूस लावून मिळेल त्या वाहनाने वस्ती गाठावी व गाडी नंतर आणवावी.

पुढील साहित्य जवळ असावे : ॲक्सलच्या डोक्यास व नटास नेमके बसणारे दोन पाने, पक्कड, पेचकस, लाकडी हातोडी, इंजिनाखाली देण्यासाठी लाकडी ठोकळा व सपाट फळी, थोडे ग्रीस, स्वच्छ फडके, जुने वर्तमानपत्र आणि खडू. पाना नटावर सैल बसत असेल तर तो वापरू नये; नटाचे कोन झिजतात आणि पुढे तो नट कोणत्याच पान्याला दाद देत नाही.

मदतीस एक सशक्त व्यक्ती असावी. इंजिन व सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावेत. पेट्रोलची तोटी असल्यास बंद करावी. विडी, चूल व कंदील दूर असावेत. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. तोललेली गाडी मुलाच्या धक्क्यानेही कलंडू शकते.

चाक काढण्याची कृती

१) गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. केवळ बाजूच्या स्टँडवर हे काम कदापि करू नये. मधला स्टँड नसलेल्या गाडीचे चाक घरी न काढणेच हिताचे.

२) मधल्या स्टँडवर बहुतेक गाड्यांचे मागील चाक उचललेले राहते व पुढील चाक जमिनीस टेकलेले असते. या स्थितीतच ॲक्सलचा नट प्रथम थोडा सैल करून घ्यावा. एका पान्याने ॲक्सलचे डोके धरावे आणि दुसऱ्या पान्याने नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. चाक अधांतरी केल्यावर जोर लावला तर गाडी स्टँडवरून सरकण्याचा संभव असतो, म्हणून हा क्रम पाळावा. काही गाड्यांत नटातून कॉटर पिन घातलेली असते. ती आधी सरळ करून काढावी. काही गाड्यांत फोर्कच्या पायास ॲक्सल आवळणारा आडवा बोल्ट असतो. तोही सैल करावा.

३) मदतनिसाने गाडीचा मागील भाग खाली दाबावा. पुढील चाक उचलले गेले की इंजिनाच्या तळाखाली फळी व ठोकळा द्यावा. ठोकळा सायलेन्सरच्या नळीखाली किंवा तेल सोडण्याच्या बोल्टखाली येऊ देऊ नये. टायर जमिनीपासून तीन-चार बोटे वर राहील एवढी उंची पुरते. मागील कॅरियरवर धान्याचे पोते बांधल्यास गाडी अधिक स्थिर राहते. नंतर हॅंडल हलकेच हलवून गाडी डळमळत नाही याची खात्री करावी. एकावर एक रचलेल्या दगडांचा आधार घेऊ नये.

४) चाक कोणत्या दिशेने फिरते हे दर्शविणारा बाण खडूने टायरवर काढावा. ॲक्सलचे डोके कोणत्या बाजूस आहे, कॉलर कोणत्या बाजूस आहे आणि केबल कोठून गेली आहे हे कागदावर लिहून ठेवावे. स्मरणशक्तीवर विसंबू नये.

५) ब्रेकच्या केबलचा जुळवणी-नट सैल करून केबल आर्ममधून व प्लेटवरील कानातून सोडवावी. स्पीडोमीटरची केबल एखाद्या स्क्रूने किंवा फिरकीच्या टोपीने धरलेली असते. ती सोडवून सरळ बाहेर ओढावी. वाकवू नये.

६) आता नट पूर्ण काढावा. एका हाताने चाकाचा भार किंचित उचलून धरावा व दुसऱ्या हाताने ॲक्सल हलके फिरवीत बाहेर ओढावा. पावसाळ्यानंतर गंजामुळे ॲक्सल अडकून बसण्याचा अनुभव घाटमाथ्यावर नेहमीचा आहे. अशा वेळी दोन्ही टोकांस गंज सोडविणारे तेल घालून काही वेळ वाट पाहावी. नंतर नट ॲक्सलच्या टोकाशी समपातळीत येईल असा परत लावून त्यावर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत. लोखंडी हातोडीचा घाव थेट आट्यांवर बसल्यास आटे दबतात व नट पुन्हा चढत नाही.

७) ॲक्सल निघताच चाक खाली येते व कॉलर गळून पडते. ती तत्काळ उचलावी. चाक पुढे ओढून घ्यावे. ब्रेक प्लेट ड्रममधून अलगद बाहेर काढावी. सुटलेले प्रत्येक अंग वर्तमानपत्रावर, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवावे. बसविताना हा क्रम उलट वाचीत जावयाचे असते.

चाक दुकानात न्यावयाचे असल्यास ब्रेक प्लेट, कॉलर, ॲक्सल व नट घरीच सुरक्षित ठेवावेत. रिकाम्या ड्रमवर जुना कागद बांधावा, म्हणजे आत माती व तेल जाणार नाही.

चाक उतरल्यावर करावयाची तपासणी

चाक हाती आले आहे तर पंक्चरपुरते न पाहता पुढील चार गोष्टी अवश्य पाहाव्यात.

पहिली गोष्ट टायर. ज्या ठिकाणी ट्यूबला भोक पडले तेथे टायरच्या आतून बोट न फिरवता फडके फिरवावे. काटा अथवा खिळा आत राहिलेला असल्यास तो फडक्यात अडकतो. तो तसाच राहिल्यास नवी ट्यूबही त्याच जागी फुटते. नक्षीच्या खाचांच्या तळाशी झीज दर्शविणारे छोटे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग त्यांच्या पातळीवर आला असेल तर टायर बदलावयास हवा. पाण्याने भिजलेल्या उतारावर खाचाच पाणी बाहेर सारतात व टायरला रस्त्याची पकड मिळवून देतात.

दुसरी गोष्ट बेअरिंग. बेअरिंगच्या आतील कड्यात बोट घालून ते फिरवावे. फिरणे गुळगुळीत असावे. खरखर जाणवली, खडखड ऐकू आली किंवा कडे हलले तर बेअरिंग बदलून घ्यावे.

तिसरी गोष्ट ॲक्सल. तो काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून लोटावा. सरळ ॲक्सल एकसारखा लोळतो. वाकलेला ॲक्सल मधून प्रकाश दाखवितो. वाकलेला ॲक्सल ठोकून सरळ करू नये, नवा घ्यावा.

चौथी गोष्ट ब्रेक. शूवरील अस्तर पातळ झाले असेल किंवा त्यास तेल-ग्रीस लागले असेल तर शूची जोडी बदलावी. ड्रममधील धूळ तोंडाने फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या काळच्या ब्रेक अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे व त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसास अपायकारक असतात. कोणते अस्तर कोणत्या पदार्थाचे आहे हे घरी ओळखता येत नाही. म्हणून धूळ नेहमी ओल्या फडक्यानेच पुसावी व ते फडके टाकून द्यावे.

चाक बसविण्याची कृती

१) हात स्वच्छ धुवावेत. ॲक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ लेप द्यावा. ॲक्सलच्या आट्यांवर, ब्रेक शूवर व ड्रमच्या आतील पृष्ठभागावर ग्रीसचा अंशही लागू देऊ नये.

२) ब्रेक प्लेट ड्रममध्ये बसवावी. प्लेटमधून स्पीडोमीटर चालत असल्यास आतील कड्याची दोन टोके हबच्या खाचांत उतरली पाहिजेत. प्लेट हलके फिरविली असता ती योग्य जागी आपोआप आत बसते. वर राहिल्यास जोराने ठोकू नये. खाच चुकलेली आहे असे समजावे.

३) विरुद्ध बाजूची कॉलर जागेवर ठेवावी. खडूच्या बाणाची दिशा पाहून चाक फोर्कच्या दोन पायांमध्ये आणावे.

४) चाक उचलताना ब्रेक प्लेटवरील खाच आणि फोर्कच्या पायावरील उंचवटा एकमेकांत अडकवावेत. ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून तिचे विवेचन पुढे स्वतंत्रपणे केले आहे.

५) ॲक्सल पूर्वी ज्या बाजूने होता त्याच बाजूने घालावा. तो हाताच्या जोराने आरपार गेला पाहिजे. मध्ये अडल्यास चाक किंचित वरखाली करून छिद्रे एका रेषेत आणावीत. नट प्रथम बोटांनीच फिरवावा. आटे बरोबर जुळले असल्यास तो सहज चढतो. नट नवा लागत असेल तर त्याच प्रकारचा घ्यावा. आपोआप अडकून राहणाऱ्या नटाच्या जागी साधा नट लावू नये. कॉटर पिन असल्यास प्रत्येक वेळी नवी घालावी. तारेचा तुकडा हा तिला पर्याय नव्हे.

६) ब्रेकची केबल जोडावी. स्पीडोमीटरची केबल घालताना चाक हळूहळू फिरवावे, म्हणजे तिचे चौकोनी टोक खाचेत उतरते. केबल फोर्कला पीळ घालून गेलेली नसावी.

७) ठोकळा काढून चाक जमिनीस टेकवावे. मदतनिसाने गाडी धरावी व हॅंडलवर भार देऊन फोर्क तीन-चार वेळा दाबावा, त्यायोगे दोन्ही पाय आपल्या नैसर्गिक अंतरावर येतात. नंतर ब्रेकची दांडी ओढून धरावी आणि त्याच स्थितीत नट आवळावा. यामुळे शू ड्रमच्या मध्याशी जुळून बसतात.

नट किती आवळावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत त्याचे माप दिलेले असते. समजा ते ५ किलोग्रॅम-मीटर आहे. पान्याची लांबी २५ सेंटिमीटर, म्हणजे पाव मीटर असेल तर पान्याच्या टोकाशी २० किलो वजन उचलण्याइतका जोर लावावा लागेल. कारण २० गुणिले पाव म्हणजे ५. पान्यास लांब नळी जोडून किंवा पान्यावर पाय देऊन आवळल्यास हाच जोर दुप्पट-तिप्पट होतो, आटे ताणले जातात व बेअरिंगवर दाब येतो. अशा रीतीने खराब झालेला नट पुढे वाटेत सुटतो. सैल नट जितका धोक्याचा, तितकाच अति आवळलेला नटही धोक्याचा असतो. पुढे गाडी देखभालीसाठी कार्यशाळेत जाईल तेव्हा मोजपट्टीच्या पान्याने हा नट तपासून घ्यावा.

८) ब्रेकच्या दांडीस थोडी मोकळीक ठेवावी. सामान्यतः दांडीच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर हालचाल झाल्यावर ब्रेक लागू लागावा. मोकळीक मुळीच नसेल तर शू सतत घासत राहतात व ड्रम तापतो. फार असेल तर दांडी हॅंडलला टेकते आणि ब्रेक लागत नाही.

९) टायरमध्ये पुस्तिकेप्रमाणे हवा भरावी. शंभर घनसेंटिमीटरच्या अनेक गाड्यांत पुढील टायरचा दाब सुमारे २५ पौंड असतो.

खाचेचे महत्त्व

आता ज्या खाचेचा उल्लेख वर केला तिचा विचार करू. जात्यावर दळताना वरचा दगड फिरतो व खालचा दगड स्थिर राहतो, म्हणूनच मध्ये धान्य भरडले जाते. खालचा दगड हलका व मोकळा असता तर तो वरच्या दगडाबरोबर फिरू लागला असता. ड्रम ब्रेकमध्ये ड्रम हा फिरणारा दगड आणि ब्रेक प्लेट हा स्थिर दगड आहे. शू ड्रमला घासू लागले की ड्रम प्लेटलाही आपल्याबरोबर फिरविण्याचा प्रयत्न करतो. तिला अडवून धरण्याचे काम नट करीत नाही. ते काम फोर्कवरील तो लहानसा उंचवटा आणि प्लेटवरील खाच ही जोडी करते. काही जुन्या गाड्यांत त्याऐवजी एक लोखंडी पट्टी बोल्टने जोडलेली असते.

खाच उंचवट्यात न अडकवताही चाक बसते, ॲक्सल आरपार जातो, नट आवळला जातो आणि अंगणात गाडी ठीक चालते. दोष दिसतच नाही. परंतु उतारावर पहिल्यांदा जोराने ब्रेक लावताच प्लेट ड्रमबरोबर गरकन फिरते. केबल तुटते किंवा आर्मसह गुंडाळली जाते. परिणामी एकतर ब्रेक अजिबात नाहीसा होतो, नाहीतर चाक जागच्या जागी अडकून स्वार हॅंडलवरून पुढे फेकला जातो.

ब्रेक लावताच गाडीचा व स्वाराचा भार पुढे सरकतो आणि पुढील चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते. त्यामुळे थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढील ब्रेकच उचलतो. उतारावर हा वाटा आणखी वाढतो. अणशी घाटातून कद्र्याकडे उतरणाऱ्या किंवा अनमोड घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या स्वाराचे जीवित त्या बोटभर खाचेवर अवलंबून असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून नट आवळण्यापूर्वी एकदा व आवळल्यानंतर एकदा, अशी ही खाच डोळ्यांनी पाहावी, बोटाने चाचपावी आणि मदतनिसासही पाहावयास सांगावी.

रस्त्यावर नेण्यापूर्वीची परीक्षा

चाक पुन्हा थोडे उचलून हाताने फिरवावे. ते मोकळेपणाने फिरावे व डावीकडे-उजवीकडे डुलू नये. टायर दोन हातांनी धरून आडवे हलवावे. खडखड जाणवल्यास नट, कॉलर व बेअरिंग पुन्हा पाहावेत. चाक फिरत असताना ब्रेक लावावा. ते तत्काळ थांबावे व ब्रेक सोडताच पुन्हा मोकळे व्हावे. यानंतर गाडी खाली घेऊन इंजिन बंद ठेवूनच ढकलावी व ब्रेक लावून पाहावा. मग अंगणात पायी चालण्याच्या वेगाने चालवून पाहावी. सर्व ठीक आढळल्यावरच, डोक्यास आय.एस.आय. चिन्हांकित शिरस्त्राण घालून, सपाट रस्त्यावर जावे. घाटाची परीक्षा पहिल्या दिवशी घेऊ नये. वीस-तीस किलोमीटर धाव झाल्यावर नट व केबल पुन्हा तपासावी. ओढ्यातून गाडी गेल्यास ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक तात्पुरता मंद होतो. थोडे अंतर हलका ब्रेक लावीत चालविल्यास तो सुकून पूर्ववत होतो.

डिस्क ब्रेक व नव्या पद्धतीच्या गाड्या

पुढील चाकास डिस्क ब्रेक असल्यास काही पथ्ये अधिक पाळावी लागतात. चाक काढलेले असताना ब्रेकची दांडी मुळीच ओढू नये. अन्यथा दाबपट्ट्या एकत्र येतात व चाक परत बसत नाही. दक्षता म्हणून त्यांच्यामध्ये स्वच्छ लाकडी पट्टी ठेवावी. चकतीस तेलकट हात लावू नये व चाक चकतीच्या बाजूवर आडवे ठेवू नये. चाक बसविल्यानंतर दांडी घट्ट होईपर्यंत अनेक वेळा दाबावी. पहिला दाब रिकामा जातो, हे विसरल्यास पहिल्याच वळणावर अपघात संभवतो.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींना संयुक्त ब्रेक किंवा चाक अडकू न देणारी ए.बी.एस. योजना, व त्याहून मोठ्या दुचाकींना ए.बी.एस. योजना आवश्यक करण्यात आली. संयुक्त ब्रेकच्या गाडीत पायाने मागील ब्रेक दाबला असता पुढील ब्रेकही ओढला जातो. म्हणून चाक बसविल्यावर हातातील व पायातील अशा दोन्ही ब्रेकांची परीक्षा घ्यावी. ए.बी.एस. असलेल्या गाडीत चाकाजवळ दातेरी कडे व विजेची तार असते. तिचे काम प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावे.

शाळांसाठी उपयोग

या पाठाचा उपयोग शिक्षकांना विज्ञानाच्या तासातही करता येईल. तालुक्यातील मुलांनी मोटारसायकल रोज पाहिलेली असते. पान्याच्या लांबीवरून परिबल, ब्रेकवरून घर्षण, बेअरिंगवरून लोळण-घर्षण आणि टायरमधील हवेवरून दाब हे विषय त्यांना परिचित वस्तूच्या आधारे समजावून देता येतात. गाडी उचलण्याचा प्रयोग मुलांकडून करवू नये. सुटे चाक व पाने यांवरच निरीक्षण करावे. पुढील प्रश्न विचारता येतील :

१) ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याने ६ किलोग्रॅम-मीटर आवळण्यासाठी टोकाशी किती किलो जोर लागेल?

२) ब्रेक शूला ग्रीस लागल्यास ब्रेक का लागत नाही, आणि बेअरिंगला तेच ग्रीस का आवश्यक असते?

३) ब्रेक प्लेटची खाच अडकविली नाही, तर कोणत्या दिशेने प्लेट फिरेल?

ग्रामपंचायत, युवक मंडळ किंवा शाळा यांनी वाडीसाठी पान्यांचा एक संच, हवेचा पंप व दाबमापक सामाईकपणे ठेवल्यास प्रत्येकाने ते विकत घेण्याची गरज उरणार नाही. वाडीतील निदान दोन व्यक्तींनी हे काम एखाद्या अनुभवी कारागिरासमोर प्रथम करून दाखवावे व मगच स्वतंत्रपणे करावे. यामुळे पैसा व वेळ वाचेल हे तर खरेच. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, चाक दुसऱ्या कोणी बसविलेले असले तरी गाडीवर बसण्यापूर्वी वाकून ती खाच पाहण्याची सवय गावास लागेल. प्रत्येक मोटारसायकलस्वाराने एवढी सवय अंगी बाणविली, तरी या पाठाचा हेतू सफल होईल.